पांढऱ्या पडद्यावरचा हात

मार्च लागला की मीरा रोडच्या इमारतींचा आवाज खाली येतो. आवारात क्रिकेट खेळणारी मुलं एकाएकी नाहीशी होतात, टीव्ही दारं लावून बघितले जातात, आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या दोन आया एकमेकींना "तुमचा कितवीला?" एवढंच विचारून गप्प होतात. परीक्षांचे दिवस. हवा तापायला लागलेली असते, पण पंख्याखाली बसलेल्या घरांत एक प्रकारचा गारठा असतो.

आमच्या धंद्यात हा हंगाम सगळ्यांना ठाऊक आहे. परीक्षा सुरू झाल्या की थिएटर रिकामं होतं. मोठे चित्रपट या दिवसांत लावत नाहीत, आणि जे लागतात त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. पॉपकॉर्नचं यंत्र दिवसातून एकदाच तापवतात. मी गेली वीसेक वर्षं इथे मॅनेजर आहे आणि दर मार्चमध्ये मला त्याच एका मार्चची आठवण येते. येते म्हणणंही खरं नाही. ती इथेच असते. बाकीचे महिने माणसांच्या गर्दीत ती दिसत नाही, इतकंच.

आमच्याकडे नियम आहे. एकही तिकीट गेलं नाही तर खेळ रद्द करायचा, पण एक जरी गेलं तरी लावायचा. परवा सकाळच्या खेळाला एकच तिकीट गेलं होतं, एफ अकरा. एफ अकरा आलाच नाही. दहा वाजले, दिवे मावळले आणि तीनशे खुर्च्यांसमोर चित्रपट सुरू झाला. पडद्यावरची माणसं भांडली, रडली, नाचली. दाराशी तिकिटं बघायला उभी असणारी रेजिना मला म्हणाली, "सर, एफ अकरा बसलेला असंल. आपल्याला दिसत न्हाय, एवढंच."

मी हसलो. हसणं मला जमलं नाही.

यंदा आमच्या मोठ्या हॉलमध्ये नवा पडदा बसला. अशी कामं आम्ही मार्चमध्येच उरकतो, कारण हॉल आठ दिवस बंद राहिला तरी कुणाचं अडत नाही. पडदा म्हणतो ते सवयीने. ती एक भिंत आहे. काळे चौकोन एकाला एक जोडून उभी केलेली, आणि प्रत्येक चौकोनात उजेडाचे हजारो बारीक दाणे. मागून उजेड टाकणारं यंत्र नाही, भिंग नाही, त्या यंत्राची केबिन नाही. भिंत स्वतःच पेटते आणि स्वतःच विझते.

पहिल्या दिवशी तिच्यावर काळं दृश्य आलं तेव्हा हॉल नाहीसा झाला. जुन्या पडद्यावर काळा कधीच काळा नसायचा. तो राखाडी असायचा, आणि त्या राखाडीत समोरच्याचं डोकं, भिंतीचा कोपरा, दाराखालची फट हे सगळं अंधुक दिसत राहायचं. आपण कुठे आहोत हे माणसाला कळत राहायचं. नव्या भिंतीवरचं काळं म्हणजे काहीच नाही. मला माझे स्वतःचे गुडघे दिसेनात. बाहेर जायच्या दारावरची हिरवी पाटी तेवढी कशालाही न टेकता हवेत टांगलेली.

आणि आवाज. जुन्या पडद्याला सुईएवढी भोकं असायची. आवाज पडद्यामागून, बोलणाऱ्याच्या तोंडातूनच आल्यासारखा यायचा. ही भिंत सलग आहे, म्हणून कर्णे तिच्या वर आणि बाजूला बसवले आहेत. पडद्यावर एक म्हातारी मुलाला हाक मारते. ओठ तिचे हलतात आणि हाक तिच्या डोक्याच्या वरून, छताजवळून येते. भिंत बसवायला आलेली इंजिनीअर श्रुती म्हणाली, "कानाला सवय होते सर, दोन दिवसांत." मला झाली नाही. मला सारखं वाटत राहतं की बोलणारं माणूस वेगळं आहे.

सगळ्यात चमत्कारिक आहे तो उजेड. इतकी वर्षं तो आपल्या पाठीमागून यायचा, डोक्यावरून जायचा, त्यात धूळ तरंगताना दिसायची. आता तो समोरून येतो. आपण भिंतीकडे बघतो आणि भिंत आपल्याला उजळवते. एका सकाळी रिकाम्या हॉलच्या मधल्या वाटेत मी उभा होतो आणि सहज मागे वळलो. मागच्या भिंतीत जुन्या केबिनची काचेची खिडकी अजून तशीच आहे. आत आता मोडक्या खुर्च्या आणि बादल्या ठेवतात. त्या काचेत कुणीतरी उभं होतं. मी थांबलो, तेही थांबलेलं. मी हात उचलला तेव्हा कळलं, ती माझीच सावली. पूर्वी आमच्या सावल्या पडद्यावर पडायच्या. आता त्या केबिनवर पडतात.

त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा तो डाग दिसला. बर्फाचं दृश्य होतं, अख्खी भिंत पांढरी. डावीकडे वरच्या कोपऱ्यात पांढऱ्यात किंचित कमी पांढरा असा एक ठसा. कडा विरघळलेल्या. रंगीत दृश्य आलं की तो गेला. पुन्हा पांढरं आलं, पुन्हा तो. दुसऱ्या दिवशी तिथेच. चौथ्या दिवशी मला त्याला बोटं दिसली.

तो हात मी ओळखला.

रेजिना उत्तनची. तिच्या बापाची होडी होती, नवराही होडीवरच. कोळीवाड्यातल्या पोरी शिकून ऑफिसात जातात, नर्स होतात, शिक्षिका होतात. ही आमच्याकडे तिकीट खिडकीवर लागली आणि वर्षभरात जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये जाऊन बसायला लागली. तिथे एक म्हातारे ऑपरेटर होते, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. चाचांनी आधी तिला हाकलली, मग चहा आणायला लावला, मग रीळ गुंडाळायला. दोन वर्षांनी तिने ऑपरेटरचा परवाना काढला. तेव्हा मुंबईच्या आसपास बाई ऑपरेटर आहे हे कुणाला सांगितलं तर लोक म्हणायचे, "म्हणजे तिकीट फाडते ना?" ती केबिनमधून खाली यायची, कपाळावर घाम, बोटांना फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा वास, आणि लोक तिलाच विचारायचे, "ऑपरेटर किधर है?" ती म्हणायची, "ऊपर गया है. अभी आएगा." आणि पुन्हा वर जायची.

तिचे डोळे वेगळे होते. म्हणजे दिसायला साधेच, पण तिला पांढरा दिसायचा. तुम्हाआम्हाला पांढरा म्हणजे एक रंग. तिला त्यात दूध, चुना, मीठ, दाढेचा पांढरा, पावाच्या आतला पांढरा असं सगळं वेगळं दिसायचं. मी एकदा विचारलं, हे कुठे शिकलीस? तर हसली. "आमच्याकडं बोंबील वाळत घालतात ना सर, बांबूवर. तो किती सुकला हे हात न लावता सांगायचं असतं. हात लावला की आई ओरडते. लांबून पांढरा बघायचा. आज काढायचा का उद्या, पांढराच सांगतो."

सकाळच्या पहिल्या खेळाआधी ती रोज एक गोष्ट करायची. फिल्म न लावता नुसता दिवा चालू करायची. रिकामा पांढरा उजेड पडद्यावर पडायचा. मग ती तळहात भिंगासमोर धरायची. पडद्यावर एक भलीमोठी, कडा विरघळलेली सावली उभी राहायची. पाच बोटं, डावीकडे वरच्या कोपऱ्यात. तिथून हळूहळू हात फिरवत ती चारी कोपरे बघायची. कुठे उजेड कमी, कुठे पिवळट, तिला कळायचं. "पडदा जागा करते," म्हणायची. हे चाचांचं होतं. त्यांच्यानंतर तिचं झालं. खाली झाडू मारणाऱ्या बायका त्या हाताखालून वाकून जायच्या, जणू डोक्याला लागेल.

आता मला माझं सांगायचं आहे. इतकी वर्षं मी ते स्वतःलासुद्धा नीट सांगितलेलं नाही.

त्या वर्षी, त्या मार्चच्या थोडं आधी, मुख्य ऑफिसातून एक साहेब तपासणीला आले होते. हॉलमध्ये चित्र चालू होतं. साहेबांनी मला विचारलं, "फोकस बरोबर आहे?" मी म्हणालो, "एकदम क्लिअर, सर." मागून आवाज आला, "डावीकडं वरती मऊ हाय, सर." रेजिना. ती वर गेली, काहीतरी फिरवलं, आणि अख्खं चित्र असं धारदार झालं की खुर्चीत बसलेले दोन प्रेक्षकसुद्धा "आँ" म्हणाले. साहेब हसले. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "मॅनेजरसाहेब, चष्मा बदला. नाहीतर बाईंना खुर्ची द्या." सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन मी आरशासमोर उभा राहिलो आणि बराच वेळ एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून आरशात बघत होतो.

मग रीळ जाणार आणि नवी संगणकी यंत्रं येणार असं ठरलं. प्रत्येक थिएटरमधून एकाला तीन आठवड्यांच्या शिक्षणासाठी दक्षिणेत पाठवायचं होतं. ज्याला पाठवतील तो पुढे दहा-बारा थिएटरांची यंत्रं सांभाळणार, बाकीच्यांच्या हाताला काम उरणार नाही हे सगळ्यांना कळत होतं. आमच्याकडून दोन नावं होती, रेजिना आणि प्रदीप नावाचा एक ऑपरेटर. ऑफिसने एक परीक्षा पाठवली. पांढऱ्या पट्ट्यांच्या वीस जोड्या. प्रत्येक जोडीतल्या दोन पट्ट्या सारख्या की वेगळ्या, एवढंच लिहायचं. बाहेर सगळ्या गावाच्या परीक्षा चाललेल्या, आणि माझ्या खोलीत ही दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसून पांढऱ्याकडे बघत होती. प्रदीप पट्ट्या उजेडात धरून, तिरप्या करून बघायचा. रेजिना नुसती बघायची आणि लिहायची. दहा मिनिटांत उठली. "झालं, सर."

उत्तरं माझ्याकडे होती. प्रदीपची सात चुकली. रेजिनाची एकही नाही. मी तिच्या कागदावर लाल पेनाने बरोबरच्या वीस खुणा केल्या, तो घडी करून खणात ठेवला आणि ऑफिसला प्रदीपचं नाव कळवलं.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी तिच्याच काळजीने तसं केलं. तिच्या पदरात लहान मुलगी, परगाव, आडवेळचे प्रवास, शेवटचा खेळ संपल्यावर उत्तनची बस मिळत नाही. हे सगळं खरं होतं. पण यातलं काहीही मी तिला विचारलं नव्हतं. आणि खरं कारण ते नव्हतंच. मला जे दिसत नव्हतं ते तिला दिसत होतं, आणि ते सगळ्यांसमोर दिसलं होतं.

दोन दिवस गेले तरी ती विचारायला आली नाही. मीच केबिनमध्ये गेलो. ती खिडकीची काच पुसत होती.

"सर, माझं काय झालं?"

मी प्रवासाचं, मुलीचं वाक्य तयार करून गेलो होतो. ऐन वेळी वाटलं, ही म्हणेल, आई हाय घरी, मी जाते. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून जिच्यावर तिला काही बोलता येणार नाही अशी गोष्ट मी बोललो. अगदी मऊ आवाजात, समजूत घातल्यासारखी.

"रेजिना, तुझे डोळे थोडे कमी पडले."

तिने फडकं खाली ठेवलं. "कितीत चुकले?"

"ते सांगता येत नाही. ऑफिसचं असतं."

"बरं." ती खिडकीतून पडद्याकडे बघत राहिली. "आनी मला वाटायचं..." एवढं बोलून थांबली. काय वाटायचं ते तिने कधी सांगितलं नाही.

रिळांच्या शेवटच्या दिवशी तिने नेहमीसारखा हात धरला. सावली उभी राहिली, फिरली नाही. मग खालच्या फोनची घंटी वाजली. केबिनमधून ती विचारत होती, "सर, पांढरा बरोबर हाय ना?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मला विचारत होती. मला काहीही कळत नव्हतं. मी म्हणालो, "हो. बरोबर."

महिनाभराने ती भाईंदरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. मला मुद्दाम सांगायला आली. "डॉक्टर बोलले, एकदम चांगले हाय डोळे. शेवटची ओळ पन वाचली मी. पन अक्षरं वाचायचे डोळे वेगळे आनी पांढरा बघायचे वेगळे, न्हाय का सर?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी मान हलवली. हो म्हणून.

ती पॉपकॉर्नच्या काउंटरवर गेली. मग दारावर, तिकिटं बघायला, हातात बॅटरी घेऊन. तिच्याबरोबरच्या नव्या मुलींना ती कप दाखवून विचारायची, हा छोटा ना? मुली हसायच्या, "रेजिना आंटी, लिहिलंय की त्याच्यावर!" एकदा भाईंदरच्या केबिन रोडवर मी तिला एका कापडाच्या दुकानात बघितलं. चर्चमध्ये मुलीचं पहिलं कम्युनियन होतं, त्या विधीच्या पांढऱ्या झग्यासाठी कापड घेत होती. "भैया, ये सफेद ही है ना? पीला तो नहीं मारता?"

"मॅडम, आँख तो आपकी है. आप ही बताओ."

तेवढ्यात मी दिसलो. तिच्या चेहऱ्यावर खराखुरा सुटकेचा भाव आला. "सर, तुम्ही बघा जरा."

मी बघितलं. पांढराच आहे, म्हणालो. नंतर तिने फोटो दाखवला. चर्चच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस मुली ओळीने उभ्या, आणि तिची मुलगी त्यांत लगेच ओळखू येत होती. "जरा पिवळा निघाला, न्हाय?" ती म्हणाली, माझी चूक निघू नये अशा बेताने. "फोटो असेल खराब," मी म्हणालो.

आणि एकदा, बोलता बोलता, हसत: "आई बोलते, तुला काय झालं, बोंबील आता दाबून बघतेस."

मी भुतंखेतं मानणारा माणूस नाही. आमचे आजोबा रत्नागिरीकडचे, ते मानायचे. ते म्हणायचे, भूत झाडावर नसतं, ज्याने काही केलंय त्याच्या डोळ्यांत असतं. लहानपणी मला ते समाधान वाटायचं, की चला, आपण काही केलं नाही.

यंदा डाग दिसायला लागल्यावर मी श्रुतीला सांगितलं. ती चोवीस-पंचवीस वर्षांची, साताऱ्याकडची, पाठीवर बॅग आणि गळ्यात उजेड मोजायचं मीटर अडकवून शिडीवर सरसर चढणारी. भिंत पांढरी करून तिने कोपरा न् कोपरा मोजला.

"सर, काही नाही. सगळीकडे सारखं आहे."

"मला दिसतंय."

"मीटर खोटं बोलत नाही, सर." मग माझ्याकडे बघून जरा नरमली. "कधीकधी मात्र मीटर कुठे धरायचं ते डोळ्यालाच कळतं. तुमच्याकडचं एक माणूस द्या ना मला. भिंत सांभाळायला लागेलच कुणीतरी. ऑफिसने तुम्हाला मेल पाठवलाय, नाव द्या म्हणून. तीन आठवडे शिकवू. ज्याचा डोळा चांगला आहे असं कुणी बघा."

मेल मी वाचला होता. तोच महिना, तेच तीन आठवडे, तीच एका नावापुरती रिकामी जागा. मी रेजिनाला बोलावलं.

ती ऐकून घेऊन हसायला लागली. "सर, थट्टा करता काय? माझे डोळे तुम्हाला म्हाइत हायत. त्या पोरींपैकी कुणाला तरी पाठवा. मी भिंत बिघडवीन तुमची."

"तू जायला पाहिजेस."

"न्हाय सर. एकदा नापास झाले, बास. आता पोरगीची बारावी चाललीय, तिची परीक्षा बघू द्या."

ती निघून गेली. नुसतं तिचं नाव लिहून मी मोकळा होऊ शकत होतो. ती गेलीही असती कदाचित, आणि तिथे प्रत्येक पांढऱ्यासमोर शेजारच्याला विचारत बसली असती, बरोबर हाय ना? म्हणजे नाव द्यायचं तर डोळेही परत द्यायला हवे होते. आणि ते माझ्या खणात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खेळाआधी, मी तिला मोठ्या हॉलमध्ये घेऊन गेलो. श्रुती खाली एका कोपऱ्यात तिच्या संगणकापाशी होती. शेवटच्या रांगेशी उभं राहून मी तो कागद रेजिनाच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. प्रवासाचं सांगितलं नाही, काळजीचं सांगितलं नाही. साहेब हसले होते ते सांगितलं.

तिने बॅटरी लावून कागद बघितला. घडीवर तो फाटायला आला होता.

"ह्या खुणा तुमच्या?"

"हो."

तिने बोट ठेवत ठेवत त्या मोजल्या. विसाव्यावर बोट थांबलं. मला वाटलं रडेल, ओरडेल. ते सोपं गेलं असतं.

"इतकी वर्षं मी बोंबील दाबून बघते, सर," ती म्हणाली.

हॉलमध्ये यंत्रांच्या पंख्यांची बारीक घरघर चालू होती. माझ्याकडे क्षमेचे शब्द होते, मी ते बोललो, ते कुठेतरी छताजवळून आल्यासारखे मला ऐकू आले. आणि मग मी एक गोष्ट केली जी लिहायलासुद्धा मला लाज वाटते. तिचं पुरतं ऐकून घेण्याआधीच मी माझं गाऱ्हाणं पुढे केलं. म्हणालो, "मला भिंतीवर एक डाग दिसतो. दुसऱ्या कुणाला दिसत नाही. तू बघ ना. तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही."

तिने बॅटरी विझवली. मग श्रुतीला म्हणाली, "पांढरा लाव गं."

भिंत पेटली. एवढा पांढरा, की खुर्च्यांचे हात, जिन्याच्या कडा, रेजिनाच्या केसांतले पांढरे केस, सगळं एकदम दिसलं. डाग तिथेच होता. डावीकडे, वर. पाच बोटं, किंचित पसरलेली. मला तो इतका स्पष्ट कधीच दिसला नव्हता.

ती वाट उतरून मधोमध जाऊन उभी राहिली. आधी चारी कोपरे बघितले. मग तळहात वर धरला, जुन्या सवयीने असेल. मी मागे बघितलं. केबिनच्या काचेवर तिच्या हाताची सावली उभी होती. मी पुढे बघितलं. भिंतीवर तो होताच. मध्ये ती एकटी, पाठमोरी.

किती वेळ ती तशी उभी होती मला सांगता येणार नाही. मग हात खाली घेऊन ती वर आली. कागदाची घडी घालून तिने तो पर्समध्ये ठेवला.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काही न्हाय, सर. सगळा सारखा हाय." दाराकडे दोन पावलं टाकून ती थांबली आणि वळली. तिचा आवाज अगदी मऊ होता, समजूत घातल्यासारखा. "तुमचे डोळे थोडे कमी पडले."

मग म्हणाली, "नाव लिहा माझं."

मी त्याच दिवशी लिहिलं. ती पुढच्या आठवड्यात जाते आहे. मुलीचा शेवटचा पेपर झाला की. परवा तिने माझ्या टेबलावर सुक्या बोंबलांची पुडी आणून ठेवली. "आईनं दिल्यात," म्हणाली. जाता जाता दारातून: "मी काढल्यात. हात न लावता." मी पुडी उघडून बघितली. ते बरोबर सुकले आहेत का, मला कळलं नाही.

मी डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. शेवटची ओळ मीही वाचली. डॉक्टर म्हणाले, या वयाला उत्तम आहेत. मी विचारणार होतो, की अक्षरं वाचायचे डोळे वेगळे आणि पांढरा बघायचे वेगळे असतात का. विचारलं नाही. ते हो म्हणाले असते तर काय, आणि नाही म्हणाले असते तर काय.

कारण मला दोनच गोष्टी शक्य वाटतात. एक, तिचे डोळे तिला परत मिळाले आहेत आणि भिंतीवर खरंच काही नाही. किंवा तिलाही तो दिसला, आणि मी तिला दिलं होतं तेच तिने मला परत केलं, जसंच्या तसं. यातलं कुठलं खरं ते तिला विचारायचा हक्क मला नाही. तिने जेवढी वर्षं न विचारता काढली, तेवढी मला काढायची आहेत.

आज सकाळच्या खेळाला पुन्हा एकच तिकीट गेलं होतं आणि पुन्हा कुणी आलं नाही. दिवे मावळल्यावर मी आत जाऊन एफ अकरावर बसलो. कुणीतरी बसावं म्हणून. एका शाळेचं दृश्य आलं, पांढरी भिंत, पांढरे गणवेश, आणि वर डावीकडे तो आला. मी नजर काढली नाही. बघता बघता वाटलं, आपल्यासारखंच आणखी कुणीतरी बघतं आहे. मी वळलो.

दारात रेजिना उभी होती, बॅटरी विझवून. भिंतीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. पडद्यावर मुलं उजवीकडे धावत होती, पण तिची नजर डावीकडे होती. वर, कोपऱ्यात.

मी बघतो आहे हे तिला कळलं, तेव्हा तिने डोळे माझ्याकडे वळवले.

"काय बघता, सर?"

"काही नाही," मी म्हणालो.